केवळ प्रौढांसाठी, म्हणे!

"मामा, सुपरहिरोच्या सिनेमाला खोली हवी असेल ना, तर त्याला 'केवळ प्रौढांसाठी'चा शिक्का पाहिजेच," आमचा भाचा चहाच्या कपावरून गरजला. त्याला अठरा पुरी होऊन आठ महिने झालेत. नव्या प्रौढाला प्रौढत्वाचं कौतुक असायचंच. आम्हाला ते आता फक्त गुडघ्यांत जाणवतं.

त्याचे साक्षीदार दोन. २०१७ चा 'लोगन' आणि २०१९ चा 'जोकर'. दोन्ही अमेरिकेत 'आर' शिक्क्याचे, आणि 'जोकर'च्या नायकाला तर ऑस्करही मिळालं. मी दोन्ही पाहिले. 'लोगन'मध्ये नख्यांनी खांडोळी चालते तेवढा वेळ मी निवांत खारे दाणे खाल्ले. दाणा घशात अडकला तो भलत्याच ठिकाणी. एकेकाळचा महाज्ञानी प्रोफेसर म्हातारा होऊन बरळतोय, आणि तो नख्यावाला त्याला गोळ्या देतोय, उचलून नेऊन बिछान्यावर निजवतोय. अहो, हे आमच्या आळीत घरोघर चालतं. पोरं दारात उभी राहून बघतात. त्यांना कोणी वय विचारत नाही.

मग शिक्क्यानं मिळतं काय? रक्त, शिव्या आणि कपड्यांची बचत. 'जोकर' मुलांना दाखवू नये हे मला शंभर टक्के मान्य. विषाच्या बाटलीवर कवटी हवीच. पण कवटी आहे म्हणजे औषध गुणकारी असणार, असं मानणारा वैद्य मी आमच्या भाच्यातच पाहिला!

२००८ च्या 'डार्क नाइट'ला 'पीजी-१३' पुरलं. त्यात दोन बोटी, आणि एकीला उडवायची कळ दुसरीच्या हातात. ती कळ खिडकीतून फेकून देतो कोण, तर एक कैदी! २००४ च्या 'इन्क्रेडिबल्स'मध्ये महाबली विमा कंपनीच्या खुराड्यात कारकुनी करतो. एकतीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या माणसाला याहून खोल काय दाखवणार?

"ते कार्टून आहे!" भाचा म्हणाला.

रविवारी मी 'स्पायडरमॅन २' लावला. हाही २००४ चाच. भाच्याची नऊ वर्षांची बहीणही येऊन बसली. काकांच्या मरणाला आपण कारण झालो, असं पीटर काकूला सांगतो. काकू त्याच्या हातातून हात काढून घेते आणि एक शब्द न बोलता जिना चढून जाते.

"दादा, काकू काहीच का नाही बोलली?"

"झोप आली असेल," भाचा म्हणाला.

"खोटं!" पोरगी म्हणाली, आणि सिनेमा संपेपर्यंत मामीच्या मांडीवरून काही उठली नाही.