गाळाचा हिशेब कोण देणार?

नदी म्हणजे केवळ पाणी नव्हे. पाण्यात तरंगत जाणारी मातीही नदीच होय. प्रवाहाला वेग आहे तोवर गाळ पुढे जातो. वेग मंदावला की तळाशी बसतो. फराक्का येथे या साध्या नियमाकडे डोळेझाक झाली.

कलकत्ता बंदरातील गाळ धुऊन काढण्यासाठी १९७५ साली गंगेवरील हा बंधारा सुरू झाला. गाळ बंधाऱ्यामागे साचेल, पूर वाढतील, असा इशारा अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी आधीच दिला होता. उलट त्यांच्याच देशनिष्ठेवर संशय घेतला गेला. पुढे पात्र उथळ झाले, प्रवाह काठ कापू लागला, माल्दा जिल्ह्यातील गावे नदीच्या पोटात गेली. हिलसा माशाची वाट अडली, बिहारच्या मच्छीमारांची उपजीविका बुडाली. बंदरातील गाळ आजही उपसावाच लागतो!

२०१४ पासून ‘नमामि गंगे’खाली सांडपाणी शुद्धीकरणावर भर आहे. ते आवश्यकच, परंतु गाळाला वाट दिल्याखेरीज नदीचे पुनरुज्जीवन होणार नाही. ती वाट ठरविताना बेघर शेतकऱ्याला व मच्छीमाराला निर्णयाचा अधिकार हवा. नुकसान ज्यांनी सोसले, हिशेब मागण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.