सेव्ह केलंत, पण कशावर?

मागच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टची फाइल उघडायची, मजकूर पुसून नवा टाइप करायचा आणि सवयीने कंट्रोल-एस! गेला की राव जुना प्रोजेक्ट. आता रिसायकल बिन धुंडाळू नका. तिथे डिलीट केलेली फाइल जाते, ओव्हरराइट झालेली नाही. फाइल अजून उघडीच असेल तर बंद न करता कंट्रोल-झेड दाबत मागे जा. बंद केलीत? वनड्राइव्ह किंवा गूगल डॉक्सवर असेल तर ‘व्हर्जन हिस्ट्री’त जुनी प्रत बघा. नुसती पेनड्राइव्हवर असेल, तर आशा कमीच. म्हणूनच सांगतो, रिकव्हरीचे जुगाड शिकण्याआधी एक सवय लावून घ्या. जुनी फाइल उघडली की आधी ‘सेव्ह अ‍ॅज’, मग टायपिंग. आणि नावात तारीख टाका. ‘फायनल-फायनल-२’ हे काय नाव झालं?