झाडे लावा, पण जागा पाहून

पावसाळा लागला की आपल्या मोहल्ल्यांतले, कॉलेजांतले तरुण रोपे घेऊन निघतात. उत्साह कौतुकाचा आहे. पण खड्डा खोदण्याआधी जागेचा विचार फारसा होत नाही. भंडारा जिल्ह्यात तो केलाच पाहिजे. हा तलावांचा जिल्हा आहे, आणि इथले जुने मालगुजारी तलाव मातीच्या पाळीवर उभे आहेत.

लडाखसारख्या थंड प्रदेशात मातीतले पाणी गोठते तेव्हा सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि मातीचे कण विलग करते. बर्फ वितळला की सैल झालेला उतार घसरतो. आपल्याकडे माती गोठत नाही, पण तेच काम ऊन आणि पाऊस करतात. मे महिन्यात कन्हार जमिनीला भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते. दरवर्षी असे झाले की पाळ खिळखिळी होते.

इथे कामाला येते ते गवत. हरळी, वाळा यांची दाट, बारीक मुळे माती जाळ्यासारखी धरून ठेवतात. पावसाचा मारा पाने झेलतात आणि ओल्या मातीवरचा ताण मुळे घेतात.

मोठ्या झाडाची गोष्ट वेगळी. डोंगरउतारावर ते उपकारक ठरते, पण पाळीवर तेच घातक ठरू शकते. झाड मेले की जाड मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ वाटा राहतात. त्या वाटेने पाणी झिरपते, सोबत माती नेते आणि एक दिवस पाळ फुटते. वादळात झाड उन्मळले तर पाळीचा लचकाच तुटतो. म्हणून पाळीवर गवत, आणि झाडे पाळीच्या पायथ्यापासून दूर, हा साधा नियम. मात्र पाळीवर आधीच असलेली झाडे घाईने तोडू नयेत. खोड गेले तरी मुळे आत राहतात आणि तिथेच कुजतात. जाणकारांना दाखवूनच निर्णय घ्यावा.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. त्याबरोबर 'हा तलाव आपला' ही भावनाही ओसरत गेली. देखभाल कोणी करायची, याचे उत्तर कागदावर आहे, पाळीवर दिसत नाही. पण पाळ फुटली तर धानाची बांधी वाहून जाते आणि ढिवर बांधवांची मासोळीही. पाणी कोणाची जात-जमात विचारत नाही.

तेव्हा मित्रांनो, या वर्षी एक रोप कमी लावले तरी चालेल. गावच्या पाळीवरून एकदा चालत जा. भेगा, उंदरांची बिळे, पाझर कुठे आहे ते नोंदवा, ग्रामसभेत मांडा, आणि उघड्या पडलेल्या जागी गवत लावा. गवताचा फोटो रोपासारखा छान येत नाही, पण पाळ तेच राखते.