कुणकेश्वराचें पाणी : जड कीं अशुद्ध ?

महाशिवरात्र आली म्हणजे देवगड तालुक्यांतील कुणकेश्वरीं यात्रेकरूंचे लोंढे लोटतात. पश्चिमेस अथांग समुद्र, त्याच्या कांठीं शंकराचें देऊळ आणि पाठीमागें जांभ्याचा सडा, असें हें रमणीय स्थान आहे. कोंकणांत वर्षास सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरी वैशाखांत याच किनाऱ्यावर कळशी घेऊन पाण्यापाठीं वणवण करावी लागते, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. ही वणवण थांबावी म्हणून सरकारनें १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जल जीवन मिशन जाहीर केलें व दर माणशीं दर दिवशीं ५५ लिटर पाणी नळानें घरांत देण्याचें ठरविलें. उद्देश स्तुत्य आहे. परंतु नळ आला म्हणजे सर्व कांहीं आलें, असें समजणाऱ्यांस आमचा एक साधा सवाल आहे : त्या नळांतून येणारें पाणी कसें आहे, हें तें पिणाऱ्यास कोणी सांगितलें काय ?

किनाऱ्यावरील गांवांत पाण्याची तक्रार निघाली कीं ‘पाणी जड आहे’ हा शब्द प्रथम कानीं येतो. डाळ शिजत नाहीं, साबणास फेस येत नाहीं, भांड्याच्या बुडाशीं पांढरा थर बसतो, हीं जडपणाचीं लक्षणें आमच्या आयाबहिणींस रसायनशास्त्र न शिकतां ठाऊक आहेत. शास्त्र एवढेंच सांगतें कीं, पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळले म्हणजे तें जड होतें. कांहीं जडपणा उकळल्यानें जातो, कांहीं जात नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें एका लिटरांत २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा इष्ट आणि दुसरा उद्भव नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगा मानिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें तर जडपणासाठीं आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाहीं. सारांश, जडपणा हा चुलीस, बंबास व खिशास त्रासदायक खरा. पण तो कॉलऱ्याचा भाऊ नव्हे.

शिवाय जांभ्यांतून झिरपलेलें पाणी स्वभावतः मऊ असतें. हजारों वर्षांच्या पावसानें या दगडांतील चुन्याचा अंश धुऊन नेला आहे व मागें लोहच काय तें फार उरलें आहे. घाटावर खोल विंधनविहिरींचें पाणी पुष्कळदां जड लागतें, त्याचें कारण तेथील काळ्या पाषाणांत आहे. मग आमच्या किनाऱ्यावर एखाद्या विहिरीचें पाणी चैत्र-वैशाखांत एकाएकीं जड व मचूळ कां लागावें ? बहुधा त्यांत समुद्र शिरूं लागला म्हणून.

हा प्रकार नीट समजून घेण्याजोगा आहे. किनाऱ्यावर जमिनीखालीं गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. सव्वाशे वर्षांपूर्वीं डच व जर्मन संशोधकांनीं याचा हिशेब मांडला : समुद्रसपाटीच्या वर जर एक फूट गोडें पाणी असेल, तर खालीं सुमारें चाळीस फूट गोड्या पाण्याचा सांठा असतो. म्हणजे पंप लावून वरची पातळी फूटभर उतरविली कीं खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर चढूं पाहतें. भेगाळ कातळांत हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाहीं. पण त्याची दिशा चुकत नाहीं. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें १९ ग्रॅम क्लोराइड असतें. शंभर भाग पाण्यांत दोनच भाग समुद्र मिसळला, तरी लिटरमागें ३८० मिलिग्रॅम क्लोराइडाची भर पडते. इष्ट मर्यादा २५० ची आहे ! त्याबरोबर जडपणाही सव्वाशें मिलिग्रॅमांनीं वाढतो. तेव्हां येथें जडपणा हा रोग नसून रोगाची सूचना आहे. आपण विहिरीकडून तिच्या ऐपतीपेक्षां अधिक मागत आहों, असें ती आपणांस सांगत असते.

खरा शत्रु मात्र याहून निराळा आहे. त्यास ना चव, ना रंग, ना वास. जांभा हा छिद्रमय दगड. त्यांतून पावसाचें पाणी जसें झरझर विहिरींत उतरतें, तसेंच शेजारच्या शोषखड्ड्यांतील मैलपाणीही उतरूं शकतें. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचें पाणी पिऊन शेंकडों माणसें कॉलऱ्यानें मेलीं, तेव्हां जॉन स्नो या डॉक्टरानें कॉलरा पाण्यांतून पसरतो हें दाखवून दिलें. डोळ्यांस पाणी स्वच्छ दिसणें ही शुद्धतेची साक्ष नव्हे. म्हणून शंभर मिलिलिटरांत ई-कोलाय जंतु एकही आढळतां कामा नये, असा मानकाचा दंडक आहे. मऊ, गोड, थंडगार पाणी जंतूंनीं भरलेलें असूं शकतें. उलट जड पाणी अगदीं निर्धोक असूं शकतें. या दोहोंतील भेद न कळल्यामुळें आमचे लोक नको त्या गोष्टीस भितात व भ्यावयाचें तेथें निश्चिंत राहतात.

या अज्ञानावर व्यापार चालतो, हें सांगणें आम्हांस भाग आहे. विक्रेता येतो, पाण्यांत एक कांडी बुडवितो, आंकडा दाखवितो आणि घरधन्यास घाबरवून यंत्र विकून जातो. ती कांडी विरघळलेल्या क्षारांचा केवळ अंदाज देते. जंतूंविषयीं ती मुकी आहे. मचूळ पाण्यास आर. ओ. यंत्र उपयोगीं पडतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु लिटरमागें ५०० मिलिग्रॅमांहून कमी क्षार असतील तेथें या यंत्रांस मनाई करावी, असा निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ सालींच दिला आहे. कारण तें यंत्र पुष्कळसें पाणी वाया दवडतें. ज्या गांवीं वैशाखांत कळशीचा हिशेब होतो, तेथें मऊ पाणी गाळण्यासाठीं आणखी पाणी मोरींत सोडावें, यासारखी विसंगति कोणती ? आणि ज्याच्यापाशीं यंत्रापुरते पैसे नाहींत त्यानें काय करावें ? श्रीमंतानें बाटली उघडावी व गरिबानें देवावर हवाला ठेवावा, ही व्यवस्था आम्हांस मान्य नाहीं.

उपाय कठीण नाहीं. पाणी तपासण्याची तरतूद आहे. गांवोगांव पांच स्त्रियांस तपासणीची पेटी वापरण्याचें शिक्षण द्यावें, असें जल जीवन मिशनच्या योजनेंतच म्हटलें आहे. उणीव आहे ती निकाल लोकांपुढें मांडण्याची. आमची मागणी एवढीच आहे कीं, ग्रामपंचायतीच्या दारीं व देवळाच्या आवारांत एक फळा लावावा. त्यावर प्रत्येक सार्वजनिक विहिरीच्या व नळाच्या पाण्याची तपासणीची तारीख, जडपणा, क्लोराइड, जंतूंचा निकाल आणि नळाच्या टोंकाशीं शिल्लक राहिलेलें क्लोरिन, इतकें मराठींत लिहावें. ही तपासणी पावसाळ्यापूर्वीं, पावसाळ्यानंतर आणि यात्रेच्या आधीं व्हावी. पिण्याचें पाणी हा विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचींत पंचायतींकडे दिलेला आहे. प्रदूषणमुक्त पाणी हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं सुभाष कुमार यांच्या खटल्यांत म्हटलें आहे. पाण्यावर माणसामाणसांत भेद करतां येणार नाहीं, हें याच कोंकणांत महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं बजाविलें. तें पाणी कसें आहे हें जाणणें हा त्याच हक्काचा पुढचा भाग होय. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहेच. पण स्वतःच्या पेल्यांत काय आहे हें कळण्यासाठीं नागरिकास अर्ज करावा लागावा, ही शोभेची गोष्ट नव्हे.

यावर कांहीं व्यापारी बंधु म्हणतील, ‘असे आंकडे फळ्यावर लागले तर यात्रेकरू व प्रवासी बिचकतील आणि आमचा धंदा बुडेल.’ त्यांस आम्ही विचारतों, दुकानांत शिक्का मारलेलीं वजनें ठेविल्यानें कोणाचा धंदा बुडाला ? देवगडचा हापूस वाशीच्या बाजारांत जातो तो नांवावर व प्रतीवर. पेटींतल्या आंब्याची प्रत लिहितां, मग पाहुण्याच्या पेल्यांतल्या पाण्याची लिहावयास भीति कां ? वाईट आंकडा झांकल्यानें पाणी सुधारत नाहीं. साथ मात्र एकदां उठली कीं ती लपत नाहीं, आणि तिनें गेलेलें गांवाचें नांव पुष्कळ वर्षें परत येत नाहीं. उलट आंकडा उघडा झाला, तर कोणत्या विहिरीवर पंप आवरावयाचा, कोणता शोषखड्डा हलवावयाचा आणि कोठें पावडर कमी पडते, हें गांवासच कळेल.

तोंवर ज्या पाण्याविषयीं संशय असेल तें खळखळून उकळून प्यावें. यात्रेस येणारा भाविक कुणकेश्वराचें तीर्थ श्रद्धेनें ओंजळींत घेतो. त्या श्रद्धेस पात्र होण्याचें काम देवाचें नव्हे, ग्रामस्थांचें व पंचायतीचें आहे. येत्या ग्रामसभेंत कोणीतरी उठून हा एक प्रश्न विचारावा : ‘आमच्या पाण्याचा आंकडा कोठें आहे ?’ फळ्याचा खर्च थोडक्यांत होईल. तो लावण्याची इच्छा मात्र गांवानेंच दाखवावयास हवी.