बोली पाचशे डॉलरची, घर कोणाचे?

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील वेन कौंटीत दरवर्षी एक बाजार भरतो. त्याला मंडप लागत नाही, हातोडा आपटणारा लिलावदारही लागत नाही. मालमत्ताकर थकला म्हणून जप्त केलेल्या घरांची यादी कौंटीचा खजिनदार संगणकावर मांडतो आणि परगावी बसलेला मनुष्यही बोली लावतो. पहिल्या फेरीत थकबाकीच्या रकमेला न खपलेले घर दुसऱ्या फेरीत अनेक वर्षे अवघ्या ५०० डॉलरपासून मिळत असे. या व्यवहाराला ‘पारदर्शक’ म्हणण्याची चाल आहे. बोली साऱ्यांना दिसते, हे खरे. परंतु ज्याचे घर जाते तो माणूस तेथे कोठेच दिसत नाही.

१९९९ च्या कायद्याने ही यंत्रणा उभी केली. कर थकल्यापासून तिसऱ्या वर्षी घराची मालकी कौंटीकडे जाते आणि दरम्यान थकबाकीवर दरमहा दीड टक्क्यापर्यंत व्याज चढते. सावकारालाही शोभणार नाही असे हे व्याज लोकनियुक्त संस्था आकारते! २०११ ते २०१५ या काळात डेट्रॉईट शहरातील सुमारे एक चतुर्थांश मालमत्ता या चरकातून पिळून निघाल्या.

यावर ‘कर बुडवणाऱ्यांची कीव कशाला?’ असा सवाल केला जातो. पण मुळात तो कर तरी न्याय्य होता काय? राज्यघटनेनुसार आकारणीचे मूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. मंदीत बाजारभाव कोसळले, आकारणी मात्र वरच राहिली. २०१० ते २०१६ या काळात डेट्रॉईटच्या घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जादा आकारले गेले, असा हिशेब तेथील एका दैनिकाने २०२० मध्ये मांडला. गरिबांसाठी करमाफीची तरतूद होती; पण ती मिळवण्याची वाट इतकी बिकट की त्यासाठी न्यायालयात जावे लागले. २०१८ च्या तडजोडीनुसार काही रहिवाशांना आपलेच घर १,००० डॉलर मोजून परत घेण्याची मुभा मिळाली. तेव्हा येथे थकबाकीदार कोण आणि देणेकरी कोण?

न्यायालये जागी झाली, पण अर्धीच. ओकलंड कौंटीत ८.४१ डॉलरच्या थकबाकीपायी एक घर २४,५०० डॉलरला विकले गेले व उरलेली सारी रक्कम कौंटीने ठेवून घेतली. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मिनेसोटातील अशाच एका प्रकरणात, वरकड रक्कम मूळ मालकाची, असा निवाडा दिला. निवाडा स्वागतार्ह आहे. परंतु घर ५०० डॉलरलाच गेले तर वरकड उरणार कोठून? ज्याचे घर सर्वांत स्वस्तात जाते, त्याच्या पदरात हा न्याय काहीच टाकत नाही.

‘कर वसूल न केल्यास शाळा, दिवाबत्ती चालणार कशी?’ हा प्रश्न मात्र खरा आहे आणि समाजवाद्यांनी तो टाळता कामा नये. पण माणसे बाहेर काढून ओस पाडलेली घरे कर भरत नाहीत. पुष्कळ सट्टेबाजांनी स्वस्तात घेतलेल्या घरांचाही कर थकवला आणि पडझड झालेली घरे पाडण्याचा खर्च अखेर जनतेच्याच माथी आला.

लिलावाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२८ मध्ये बारडोलीत २२ टक्के सारावाढीविरुद्ध शेतकरी उभे राहिले, तेव्हा सरकारने जमिनी जप्त करून विकायला काढल्या. लोकांनी त्या घेणाऱ्यांवर बहिष्कार टाकला. शेजाऱ्याच्या संकटावर बोली लावणे ही केवळ खरेदी नव्हे, एवढी साधी गोष्ट त्या खेडुतांना कळत होती. पुढे चौकशी झाली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास खाली आली. म्हणजे दोष थकवणाऱ्यांत नव्हता, आकारणीत होता.

आपल्या महानगरपालिकांनाही थकीत करासाठी मालमत्ता जप्त करून विकण्याचा अधिकार आहे. उद्या तो संगणकाच्या वेगाने वापरला जाण्यापूर्वी आपण आग्रह धरला पाहिजे: आधी आकारणीची फेरतपासणी, मग हप्ते आणि गरिबांना माफी, आणि राहत्या घरावर पहिला हक्क राहणाऱ्याचा. धनदांडग्यांच्या थकबाकीची वसुली जरूर करा, कठोरपणे करा. परंतु ज्या चुलीवर आज अन्न शिजते आहे, तिच्यावर बोली लावता येणार नाही, हे ठणकावून सांगणे आपले काम आहे.