फाटकाबाहेरचा धडा

हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गावी एखाद्या नव्या वसाहतीत शाळा भरण्याच्या वेळी क्षणभर उभे राहावे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना राहती घरे आणि मध्येच इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेची बहुमजली इमारत. अर्ध्या तासात पालकांच्या दुचाकी, मोटारी, दाटीवाटीने भरलेले ऑटो आणि पिवळ्या बसगाड्या त्या एकाच रस्त्यावर येऊन थडकतात. कोणाच्या तरी दारात मोटार उभी राहते. घरमालक हटकतो. ‘दोनच मिनिटे’ असे पालक म्हणतात. रोजची ही दोन मिनिटे साचत जातात आणि वर्षअखेरीस त्यांचे वैर झालेले असते. मग निवेदने, तक्रारी, पोलीस ठाणे हा क्रम ओघाने येतोच. आणि हे सारे, पाठीवर दप्तर घेतलेले मूल आईचे बोट धरून मुकाट्याने पाहत असते.

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. देशापुढील मोठ्या प्रश्नांच्या पंक्तीत त्याला स्थान कशाला, असेही कोणी विचारील. परंतु समाज आणि शासन यांची खरी परीक्षा अशा लहान जागीच होते. ज्या गावाला आपल्या शाळेसमोरचे शंभर पावलांचे अंतर नीट लावता येत नाही, त्याने राष्ट्राच्या शिस्तीची चर्चा कोणत्या तोंडाने करावी?

प्रश्नाची मुळे समजून घेतली पाहिजेत. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा कार्यालये आली, नोकरदार वर्ग आला, शेतजमिनींचे भूखंड पडून वसाहती उठल्या. २०११ च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती. वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव या तालुक्यांच्या गावीही मुलांना इंग्रजी शाळेत घालण्याची ओढ पोहोचली. तशात २०१२ साली राज्यात स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि खासगी शाळा काढण्याची वाट मोकळी झाली. एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याची कल्पना याच्या नेमकी उलट होती. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, म्हणजे मुलाने चालत शाळेत जावे, अशी ती ‘शेजारशाळा’. कागदावर शेजारशाळा राहिली; मूल मात्र गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वाहनाने जाऊ लागले. जिल्हा परिषदेच्या व नगरपरिषदेच्या शाळा आपण आपल्याच हातांनी ओस पाडल्या आणि आता रस्ते भरले म्हणून बोटे मोडत बसलो आहोत.

दुसरे मूळ प्रशासनाच्या विस्कळीतपणात आहे. शाळेला मान्यता राज्य शासन देते. इमारतीचा नकाशा नगरपरिषद मंजूर करते. बसगाडीची तपासणी परिवहन कार्यालय करते. वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे असते. चार दारे आहेत. पण सकाळच्या त्या अर्ध्या तासाचा धनी यांपैकी कोणीच नाही. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू स्तुत्यच आहे. पण शाळेची वेळ कचेऱ्या आणि बाजारपेठ उघडण्याच्या वेळेजवळ सरकते, तेव्हा रस्त्यावरचा भार कसा वाटून घ्यायचा, याचा विचार स्थानिक पातळीवरच करावा लागतो. तो किती गावांनी केला?

कायदा मुका आहे असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्राने २०११ साली शालेय बसगाड्यांचे नियम केले. त्यांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी अशी तरतूद आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. पालक-प्रतिनिधी, पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खाते आणि स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी हे तिचे घटक. वर सांगितलेली चारही दारे एका टेबलाभोवती आणणारी अशी ही रचना आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमान्वये ठरावीक रस्त्यावर ठरावीक वेळी वाहनांना मज्जावही करता येतो. साधन हाताशी आहे, उणीव इच्छेची आहे. आपल्या पाल्याच्या शाळेतील परिवहन समितीची बैठक शेवटची केव्हा झाली, हे वाचकांपैकी किती पालकांना सांगता येईल?

नगरपरिषदांचा विचार करताना एक कटू वस्तुस्थिती नमूद केली पाहिजे. १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्याला घटनेचे अधिष्ठान दिले. पण प्रभाग समित्यांचे बंधन तीन लाखांवरील लोकवस्तीच्या शहरांपुरतेच ठेवले. हिंगोलीएवढ्या गावातील रहिवाशाने गाऱ्हाणे मांडायचे ते थेट नगरसेवकाकडे. आणि राज्यातील असंख्य नगरपरिषदांत तर कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते. प्रशासकाची राजवट होती. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन लोकनियुक्त मंडळे परत आली. आता प्रशासकाकडे बोट दाखवण्याची सोय उरलेली नाही. मते मागताना गल्लीबोळ पायांखाली घालणाऱ्यांनी एकदा शाळा भरताना आणि सुटतानाही तेथे उभे राहून पाहावे.

खासगी शाळांच्या चालकांना मराठवाड्याच्याच इतिहासाचे स्मरण द्यावेसे वाटते. निजामी राजवटीत मातृभाषेतून शिक्षण देणे हेच दिव्य होते. हैदराबादेत १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी असो की हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा असो, या संस्था समाजाच्या पदरमोडीवर उभ्या राहिल्या. त्याच हिप्परग्याच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. तेव्हाही त्या शाळा ‘खासगी’च होत्या, पण गावाला त्या आपल्या वाटत, कारण त्या गावासाठी होत्या. आजची शाळा शुल्क स्वतः घेते आणि गैरसोय शेजाऱ्यांना वाटते, हा व्यवहार त्या परंपरेत बसणारा नाही. ज्या संस्थेकडे मैदान आहे, तिने मुलांना उतरवण्यासाठी त्याचा एक कोपरा अर्धा तास मोकळा करावा. ज्या संस्थेकडे मैदानच नाही, तिने शाळा कशी काढली, हा प्रश्न मान्यता देणाऱ्यांना विचारला गेलाच पाहिजे.

पण सारा दोष संस्थाचालकांच्या आणि शासनाच्या माथी मारून आपली सुटका नाही. फाटकाच्या अगदी तोंडाशी मोटार नेण्याचा हट्ट कोणाचा? नववी-दहावीतल्या मुलाच्या हाती परवान्याविना दुचाकी देणारे कोण? २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, हे किती जणांना ठाऊक आहे? राज्यघटनेच्या ५१-अ कलमात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. बंधुभाव वाढवणे हे त्यांत आहे आणि २००२ च्या दुरुस्तीने पाल्याला शिक्षणाची संधी देणे हेही त्यांत आले. पहिले कर्तव्य तुडवून दुसरे पार पाडता येत नाही. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईच्या व्याख्यानांतून मांडलेल्या एकात्म मानवदर्शनाचे सार हेच की, व्यक्ती, कुटुंब आणि समाज यांचे हित एकमेकांना छेदत नाही. संघशताब्दीच्या निमित्ताने पुढे आलेल्या पंच परिवर्तनात नागरी कर्तव्याला स्थान आहे, ते भाषणांत शोभा आणण्यासाठी नव्हे. त्याचा आरंभ आपल्या गाडीची किल्ली फिरवण्यापासून होतो.

शेजाऱ्यांनाही एक शब्द सांगणे प्राप्त आहे. त्यांचा संताप रास्त आहे. पण रस्त्यावर दगड मांडणे किंवा ऑटोचालकावर हात उगारणे हा त्यावरचा उपाय नाही. ज्याच्या ऑटोत दहा लेकरे कोंबलेली असतात, तो चालक पोटासाठी राबत असतो आणि ती लेकरे आपल्याच गावची असतात.

मार्ग अवघड नाही. इटलीतील बोल्झानो या शहराने १९८९ पासून शाळा भरताना व सुटताना शाळेपुढचा रस्ता थोडा वेळ वाहनांना बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे युरोपातील अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. आपल्याकडे ते का होऊ नये? वाहने शंभर-दीडशे पावलांवर थांबावीत आणि तेथून मुलांनी चालत जावे. वर्गांच्या वेळांत वीस मिनिटांचे अंतर ठेवावे. मोहल्ल्यातील निवृत्त शिक्षक, तरुण मंडळे आणि स्वयंसेवक यांनी आळीपाळीने उभे राहून मुलांना रस्ता ओलांडून द्यावा. नगरपरिषदेने नव्या शाळेचा नकाशा मंजूर करताना वाहने कोठे थांबणार हे आधी पाहावे आणि परिवहन समितीच्या बैठकीला वसाहतीतील दोन रहिवाशांनाही बोलवावे. यासाठी लागणारा पैसा नगण्य आहे. लागते ती एकत्र बसण्याची तयारी.

याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे गाव. औंढ्याच्या नागनाथापुढे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना अडथळा होतो म्हणून समोरून उठवले गेले, ते देवळामागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी येथील लोकश्रद्धा आहे. शाळेला आपण विद्यामंदिर म्हणतो. त्या मंदिराची पाठ आज शेजाऱ्याकडे झाली आहे. ते पुन्हा त्याच्याकडे वळले, तर आत वर्गात शिकवलेले मूल्यशिक्षण फाटकाबाहेरही खरे ठरेल. पालकाने मागे घेतलेली गाडी आणि शेजाऱ्याने दिलेली वाट पाहून मूल जे शिकते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापता येत नाही.