विश्लेषण : खाडीकाठी बांधकाम करायचे, तर भिवंडीत परवानगी कोणाची?

भिवंडी म्हटले की पूर्वी यंत्रमागांची खडखड आठवे, आता गोदामांच्या रांगा आठवतात. कशेळी, काल्हेरपासून माणकोलीपर्यंत जमिनीला सोन्याचा भाव आहे आणि त्यातली बरीच जमीन खाडीला, कांदळवनाला किंवा पाणथळीला लागून आहे. अशा जागी बांधकामाला परवानगी कोणाची, असे विचारले तर गावात सहसा ‘ग्रामपंचायतीची’ असे उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे आणि महागात पडणारेही.

ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा का नाही?

भिवंडी तालुक्यातील ६० गावांसाठी २००७ मध्ये ‘एमएमआरडीए’ची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. त्यामुळे या गावांत बांधकाम परवानगीचा अधिकार ‘एमएमआरडीए’चा, तर शहरात तो भिवंडी-निजामपूर महापालिकेचा. घरपट्टी लागली, विजेचा मीटर आला म्हणजे इमारत अधिकृत झाली असे होत नाही. गाळा किंवा फ्लॅट घेणाऱ्याला हे अनेकदा कर्जासाठी बँकेच्या दारात गेल्यावरच कळते.

पण ही जागा ‘रामसर’ यादीत कुठे आहे?

ठाणे खाडीला ऑगस्ट २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. फ्लेमिंगो अभयारण्य आहे ते त्या खाडीत. कशेळी-काल्हेरचा किनारा उल्हास नदीच्या मुखाकडचा, म्हणजे वसई खाडीच्या बाजूचा. तो त्या यादीत नाही, म्हणून मोकळा आहे असा समज पसरवला जातो. तो चुकीचा आहे. भरतीचे पाणी जिथे येते तिथे २०१९ची सागरी किनारा नियमन अधिसूचना, अर्थात सीआरझेड, लागू होते. खाडीपासून आत असलेल्या नैसर्गिक पाणथळींसाठी २०१७चे पाणथळ नियम आहेत. त्यानुसार गेल्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही, राडारोडाही टाकता येत नाही. मात्र भातखाचरे, मिठागरे आणि सीआरझेडमधील जागा या नियमांतून वगळल्या आहेत. म्हणून ‘माझ्या जागेला कोणता कायदा लागतो’ हा पहिला प्रश्न, अर्ज त्यानंतरचा.

कांदळवन स्वतःच्या सात-बारावर असेल तर?

खारजमिनीचे बांध फुटले की भरतीचे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षांत तिथे तिवरे उगवतात. जमीन शेतकऱ्याची, झाडे मात्र संरक्षित. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले, की जमीन सरकारी असो वा खासगी, कांदळवन तोडता येणार नाही आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम होणार नाही. अपवाद फक्त सार्वजनिक हिताच्या कामाचा. त्यामुळेच बुलेट ट्रेनलाही सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्यासाठी न्यायालयात जावे लागले. परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली.

मग भराव थांबत का नाही?

कारण विचारणाऱ्याची वाट लांब आहे आणि न विचारणाऱ्याची आखूड. प्रामाणिक माणसाने नियोजन प्राधिकरण, तहसील, भूमी अभिलेख, कांदळवन कक्ष आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण यांचे उंबरे झिजवायचे. दुसऱ्याने रात्रीत डंपर रिकामे करायचे. ‘जनविश्वास’ दुरुस्तीनंतर, एप्रिल २०२४ पासून, पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेची तरतूद जाऊन १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. मोठ्या गोदामाच्या भाड्यापुढे ही रक्कम व्यवसायाचा खर्च ठरते. किंमत मोजतात ते खाडीत जाळे टाकणारे आणि कामवारी नदी तुंबली की पाण्यात जाणारे तीनबत्ती, निजामपुऱ्यातील रहिवासी.

मार्ग काय?

आणखी एक ना हरकत दाखला वाढवून काही साधणार नाही. आधी नकाशा हवा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पाणथळींची प्रत्यक्ष पाहणी करून हद्दी आखण्यासाठी राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली होती. भिवंडीत ही आखणी गट क्रमांकानुसार व्हावी, खाडीकाठी कांदळवन आणि त्याचा ५० मीटर पट्टाही त्यात यावा. सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याची नोंद व्हावी. मग नकार अर्जाआधीच समजेल, शेतकऱ्याचे पैसे आणि खरेदीदाराची फसवणूक दोन्ही वाचतील. स्वतःच्या राहत्या घरासाठी, सीआरझेडच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्गात ३०० चौरस मीटरपर्यंत स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकते. ही सोय लोकांना सांगितली पाहिजे, कारण गोदाम आणि घर यांना एकाच रांगेत उभे केले की घरवाला दलालाकडे वळतो.

तोवर नागरिकांनी काय करावे?

जागा घेण्यापूर्वी सीआरझेड नकाशा आणि ‘एमएमआरडीए’चा विकास आराखडा पाहावा, बांधकाम परवानगीची प्रत मागावी. भराव दिसल्यास तारखेसह छायाचित्र काढून लेखी तक्रार करावी. कांदळवने आणि पाणथळींवरील तक्रारींसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमलेल्या आहेत. भराव ओला असतानाच तक्रार गेली पाहिजे. त्यावर पत्रे चढली, भाडेकरू आले की तेच गोदाम रोजगाराच्या नावाने नियमित करण्याची मागणी सुरू होते.